शुगरच्या औषधांचा खर्च कमी करायचाय? आधी चिठ्ठी बदलून घ्या, दुकान नंतर

महिन्याची वीस तारीख उलटली की काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "यातल्या आठच दिवसांच्या द्या, बाकीच्या पगार झाल्यावर नेतो." त्या आठ दिवसांच्या गोळ्या मग एक दिवसाआड घेऊन पंधरवडा काढला जातो. घरी कुणाला सांगायचं नाही, डॉक्टरांना तर नाहीच. पुढच्या वेळी तीन महिन्यांची शुगर (एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी) वाढलेली दिसते, डॉक्टर आणखी एक गोळी वाढवतात, आणि जो खर्च झेपत नव्हता तो अजून चढतो.

मी सांगलीत औषधांच्या दुकानात वीस वर्षं उभा आहे. विमा नसलेली माणसं पैसे वाचवायला निघतात ती बहुतेक उलट्या टोकाने. आधी दहा टक्के सूट देणारं मेडिकल शोधायचं, मग कुणीतरी सांगितलं म्हणून जेनेरिक (बड्या ब्रँडऐवजी मूळ नावाने विकलं जाणारं तेच औषध), आणि हात टेकले की शेवटी सरकारी दवाखाना. पण खर्च ठरतो चिठ्ठीवर. महागडी चिठ्ठी खिशात घालून सांगली-मिरज पालथी घातली तरी हाती लागते ती दहा-पंधरा टक्के सूट. म्हणून पुढचे टप्पे ज्या क्रमाने लिहिलेत त्याच क्रमाने करा.

थांबा: मुलांना किंवा तरुणपणी झालेला टाइप १ मधुमेह असेल, बाई गरोदर असेल किंवा किडनीचा आजार असेल, तर औषधात कसलाही बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. टाइप १ मध्ये इन्सुलिन एक दिवसही बंद ठेवता येत नाही. पैसे संपले असतील तर तसं सांगून सरळ सरकारी रुग्णालयात जा.

१. घरातल्या सगळ्या गोळ्या एका ताटात काढा

डबा, फ्रिजवरची टोपली, उशाखालचं पाकीट, पर्स, सगळीकडच्या. एका कागदावर प्रत्येक गोळीच्या चार गोष्टी लिहा: पाकिटावरचं मोठं नाव, मागे बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ औषधाचं नाव, त्याची मात्रा, आणि तुम्ही ती दिवसात किती वेळा घेता. "किती घ्यायला सांगितलीय" नव्हे, खरोखर किती घेता ते. मूळ नाव वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातवाला बसवा किंवा पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढून मोठा करून बघा.

हे कशासाठी, ते एका प्रसंगातून सांगतो. तासगावकडची एक आजी दर महिन्याला वडापने, म्हणजे शेअर जीपने, सांगलीत येते. एकदा तिने साखरेच्या रिकाम्या पिशवीतून नऊ पाकिटं काउंटरवर ओतली. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, एक गावातल्या, एक गुडघ्यासाठी गेली होती तिथल्या. मी पाकिटं उलटी केली. एक पांढरं, एक हिरवं, दोन्हींत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, मात्रासुद्धा तीच.

"आजी, ही आणि ही एकच गोळी आहे."

"आरं पण रंग येगळा हाय की."

"रंग कंपनीचा. आतलं औषध एकच. दुपारी घाम फुटतो का तुम्हाला? हातपाय कापतात?"

"रोज. म्हटलं वयामानानं हुतंय."

वयामानाने होत नव्हतं, दुप्पट गोळीने शुगर खाली जात होती. आणि त्या दुप्पट गोळीचे ती वर्षभर पैसे मोजत होती. गावातल्या डॉक्टरांना फोन लावून एक पाकीट बंद करवलं. ही चूक मला महिन्यातून दोन-तीनदा तरी दिसते, म्हणून पहिला टप्पा हाच.

तपासा: एकच मूळ नाव यादीत दोनदा आलंय का? "मेटफॉर्मिन" एकटंही आहे आणि दुसऱ्या जोडगोळीतही (दोन औषधं एकत्र असलेल्या गोळीतही) आहे, असं असू शकतं. कधी ते मुद्दाम दिलेलं असतं, कधी चुकून. खूण करून ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने बंद करू नका.

मग हिशेब. पाकिटाची किंमत भागिले पाकिटातल्या गोळ्या, गुणिले रोजच्या गोळ्या, गुणिले तीस. पाकिटाच्या किमतीवर जाऊ नका. समजा एक पाकीट १६५ रुपयांचं आणि त्यात १५ गोळ्या, दुसरं १२० चं आणि त्यात १०. स्वस्त दिसतं दुसरं, पण पहिल्यातली गोळी ११ रुपयांना पडते आणि दुसऱ्यातली १२ ला. यादीतली सगळ्यात महाग ओळ कोणती, तिला गोल करा. बहुतेक घरांत दोनच गोळ्या अर्ध्याहून जास्त पैसे खात असतात.

२. फाईल

प्लास्टिकची साधी फाईल चालेल. सगळ्यात वर ती यादी. खाली तीन महिन्यांच्या शुगरचा शेवटचा रिपोर्ट, क्रिएटिनिनचा रिपोर्ट, उपाशीपोटी आणि जेवणानंतरच्या शुगरचे शेवटचे आकडे तारखेसह, ॲडमिट झाला असाल तर डिस्चार्ज कार्ड. आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स. क्रिएटिनिन विसरू नका, कारण किडनी किती काम करते यावर मेटफॉर्मिन चालणार की नाही, किती चालणार, हे ठरतं. तो रिपोर्ट नसेल तर कुठलाही शहाणा डॉक्टर चिठ्ठी बदलायला धजणार नाही आणि तुमची एक खेप फुकट जाईल.

जुने रिपोर्ट नाहीत म्हणून लगेच खासगी लॅबमध्ये पैसे भरू नका. चौथ्या टप्प्यात ते बिनपैशाचे होऊ शकतात. तसं असेल तर चौथा टप्पा आधी उरकून इकडे परत या.

३. चिठ्ठी बदलून घ्या

सगळा मुद्दा इथे आहे आणि नेमका हाच टप्पा लाजेपोटी वगळला जातो. "डॉक्टरांना पैशाचं कसं बोलायचं?" बोलायचं. डॉक्टरांना तुमचं बजेट कळायला दुसरा मार्ग नाही. तुम्ही गप्प राहिलात तर ते धरून चालतात की लिहिलेलं सगळं तुम्ही घेताय.

खुर्चीत बसल्या बसल्या, तपासणी सुरू व्हायच्या आधी सांगा. उठताना दारातून नको. वाक्य साधं ठेवा: "डॉक्टर, औषधाला महिन्याला सहाशेच्या वर जमत नाही. मधे मधे गोळ्या चुकतात त्या त्यामुळेच. यात बसेल असं लिहून द्या." आकडा सांगा. "जरा स्वस्तातलं द्या" म्हणालात की एखादा ब्रँड बदलून मिळतो, बाकी चिठ्ठी तशीच राहते.

मग यादी पुढे करून विचारा:

यातली कुठली गोळी आता नसली तरी चालेल? ॲसिडिटीची, जीवनसत्त्वांची, हातापायांना मुंग्या येतात त्यावरची गोळी पूर्वी कधीतरी सुरू होते आणि वर्षानुवर्षं चालू राहते. (ब१२ चं जीवनसत्त्व मात्र विचारूनच सोडा. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेणाऱ्यांत ते कमी पडू शकतं.)

तीन औषधं एकत्र असलेली गोळी सुटी करून मिळेल का? मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड सरकारी दवाखान्यात सहसा असतात. त्या दोन तिथून घेतल्या की विकत घ्यायचं उरतं तिसरं. गोळ्यांची संख्या वाढते, खर्च उतरतो.

महागडी गोळी कशासाठी आहे? तिच्या जागी जुनी चालेल का? इथे उत्तर "नाही" आलं तर ऐका. हृदय किंवा किडनीचा त्रास असलेल्यांना डापाग्लिफ्लोझिनसारखं औषध नुसत्या शुगरसाठी दिलेलं नसतं, ते काढणं महागात पडतं.

आणि शेवटचं: मूळ औषधाच्या नावाने लिहून द्याल का? हे का मागायचं ते नीट समजून घ्या. चिठ्ठीवर कंपनीचा ब्रँड लिहिलेला असेल तर आम्हा दुकानदारांना आमच्या मनाने दुसरा ब्रँड द्यायची औषध नियमांत परवानगी नाही. "तेच आहे हो, द्या की," म्हणून माझ्याशी भांडून उपयोग नाही. मूळ नाव, मात्रा आणि गोळी साधी की हळू विरघळणारी, एवढं चिठ्ठीवर असलं की तुमचे हात मोकळे झाले.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. शुगरच्या नव्या औषधांची पेटंटं भारतात एकामागून एक संपलीत: व्हिल्डाग्लिप्टिनचं २०१९ मध्ये, डापाग्लिफ्लोझिनचं २०२० मध्ये, सिटाग्लिप्टिनचं २०२२ मध्ये, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. पेटंट संपलं की अनेक कंपन्या तेच औषध काढतात आणि दर कोसळतो. पण तुमची चिठ्ठी त्याआधीची असेल आणि दर महिन्याला तीच झेरॉक्स दाखवून तुम्ही तोच ब्रँड घेत असाल, तर दर कोसळल्याचा तुम्हाला पत्ताच नाही. यातलं एखादं नाव तुमच्या यादीत असेल तर आधी त्याच ओळीचं विचारा.

थांबा: हळू विरघळणारी गोळी, जिच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर किंवा पीआर असतं, ती मोडून किंवा कुटून घ्यायची नाही. "एक हजारची आणून अर्धी केली" हा बचतीचा उपाय तिथे चालत नाही. दिवसभर पुरायचं औषध एकदम सुटतं.

४. सरकारी दवाखान्यात नाव घाला

"नाव घाला" म्हणतोय, "जाऊन या" म्हणत नाहीये. एकदाच जाऊन दहा गोळ्या घेऊन येणारे आणि "तिथं काही मिळत नाही" सांगणारे खूप. शुगर-बीपीच्या रुग्णांसाठी असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात नोंद झाली की दर महिन्याची तपासणी आणि गोळ्या त्या नोंदीवर चालतात.

कुठे? सर्वांत जवळचं आधी. गावात उपकेंद्र असेल, हल्ली त्यावर "आयुष्मान आरोग्य मंदिर" अशी पाटी असते, तिथल्या सीएचओंना (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना) किंवा आशाताईंना भेटा. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाची शुगर-बीपी तपासणं त्यांच्या कामात आहे, बोटातून रक्त काढून तिथेच बघतात. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, मग तालुक्याचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. तालुक्याच्या ठिकाणी "एनसीडी क्लिनिक कुठे आहे?" असंच विचारा (एनसीडी म्हणजे असंसर्गजन्य आजार). नुसतं "शुगरचे डॉक्टर" विचारलंत तर साध्या ओपीडीच्या रांगेत पाठवतील. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये राहत असाल तर महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र किंवा जवळचा "आपला दवाखाना" बघा.

पैशाचं गणित असं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपर, तपासण्या, औषधं सगळं मोफत आहे. आपल्या जिल्ह्यात घोळ होतो तो इथे: सांगलीचं सिव्हिल, म्हणजे पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय, आणि मिरजेचं शासकीय रुग्णालय ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयाची आहेत, ती वेगळ्या विभागाकडे येतात. तिथे केस पेपरला आणि काही तपासण्यांना सरकारी दराने थोडे पैसे पडतात. पिवळं रेशनकार्ड असेल तर पैसे भरायच्या आधी खिडकीवर दाखवून सवलत विचारा. म्हणून नेहमीच्या गोळ्यांसाठी जतहून किंवा आटपाडीहून सिव्हिल गाठू नका, त्या तालुक्यातच घ्या. सिव्हिल आणि मिरज राखून ठेवा ते तज्ज्ञ डॉक्टर, डोळ्याचा पडदा, पायाची जखम अशा कामांना.

जाताना फाईल, आधार, आणि आधाराशी जोडलेला मोबाइल. रक्त द्यायचं असेल तर उपाशीपोटी आणि सकाळी लवकर, डबा बरोबर घेऊन. रक्त देऊन झाल्याशिवाय शुगरची गोळी घेऊ नका, घेतली की लगेच खा. उपाशीपोटी गोळी घेऊन तीन तास रांगेत उभं राहिलेला माणूस चक्कर येऊन पडलेला मी पाहिलाय.

गोळ्या घेताना महिन्याभराच्या मागा. कमी दिल्या तर "पुन्हा साठा कधी येतो?" हे विचारून तारीख केस पेपरवर लिहून आणा. साठा संपतो, ते खरं आहे. त्यासाठी घरात दहा दिवसांच्या गोळ्या नेहमी शिल्लक ठेवायच्या. पहिल्यांदा त्या विकत घ्याव्या लागतील, पुढे त्याच फिरत राहतात: नव्या आल्या की जुन्या आधी खायच्या.

तपासा: दवाखान्यातून आणलेल्या गोळीची मात्रा यादीशी जुळते का? तुम्ही ग्लिमेपिराइड २ घेत असाल आणि तिथे १ मिळाली, तर किती घ्यायच्या ते देणाऱ्याकडूनच पाकिटावर लिहून घ्या.

५. उरलेलं जनऔषधीतून

सरकारी दवाखान्यात जे मिळालं नाही तेवढंच आता विकत घ्यायचं. त्यासाठी जनऔषधी केंद्र, म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त जेनेरिक औषधांचं दुकान. मोबाइलवर "जनऔषधी सुगम" नावाचं ॲप आहे. त्यात मूळ नाव टाकलं की किंमत दिसते आणि जवळचं केंद्रही. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, त्यांची जोडगोळी, व्होग्लिबोज, सिटाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन ही सगळी त्या यादीत आहेत. यादीत असलं तरी त्या दुकानात त्या दिवशी असेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी फोन करा.

आता माझ्याच धंद्यातली एक गोष्ट सांगतो. आमच्यासारख्या साध्या मेडिकलमध्येही "जेनेरिक" मिळतं. त्यावर छापील किंमत भरपूर असते आणि दुकानदार त्यावर मोठी सूट देतो. समजा पाकिटावर ९० छापलंय आणि तुम्हाला ४५ ला दिलं. तुम्ही खूश, निम्म्या किमतीत मिळालं. तेच औषध जनऔषधीत छापील किमतीलाच त्याहून बरंच खाली असू शकतं, तिथे सूट नसते कारण सूट देण्याइतकं वर छापलेलंच नसतं. किती टक्के सूट मिळाली हा प्रश्नच सोडा. एका गोळीला किती पैसे पडले, एवढंच विचारा.

पाकीट हातात घेतल्यावर मूळ नाव, मात्रा, एसआर आहे की साधी, आणि मुदत, हे तिथेच उभं राहून चिठ्ठीशी ताडा. बिल घ्या. घरी आलात की जुनी पाकिटं डब्यातून बाहेर काढा, नाहीतर आजीसारखी गत होते, जुनी पांढरी आणि नवी निळी दोन्ही पोटात. वयस्कर माणसांना नवा रंग नवं औषध वाटतं. प्रत्येक पाकिटावर जाड पेनाने "सकाळी" किंवा "रात्री" लिहा, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सूर्य आणि चंद्र काढा. आमच्याकडे सूर्य-चंद्र मागायला आता माणसं आपण होऊन येतात.

"स्वस्त गोळी लागू पडत नाही" ही तक्रार येते तेव्हा मी विचारतो, शुगर मोजली का? बहुतेक वेळा मोजलेली नसते. कंपनी बदलल्यावर दोन आठवड्यांनी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी मोजा. आकडे आधीसारखेच असतील तर गोळी लागू पडली. वाढले असतील तर आकडे घेऊन डॉक्टरांकडे जा, अंदाजाने परत महाग ब्रँडवर जाऊ नका.

थांबा: तुमच्या गोळीत व्होग्लिबोज असेल आणि शुगर खाली जाऊन घाम, थरथर, घाबरं झालं, तर साखर किंवा गूळ लवकर काम करत नाही. हे औषध साखर पचण्याचाच वेग कमी करतं. ग्लुकोज पावडरचा पुडा घरात आणि खिशात ठेवा, तीन चमचे पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. ७० च्या खालीच असेल तर परत तीन चमचे. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात काही ओतायचं नाही, १०८ ला फोन.

६. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी

पेन सोयीचं, कुपी स्वस्त. साधं मानवी इन्सुलिन, ज्यात ३०/७० चं मिश्रणही येतं, कुपीत मिळतं आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत बिनपैशाचं किंवा नाममात्र दरात मिळू शकतं. पेनमधल्या नव्या इन्सुलिनवरून कुपीतल्या साध्यावर जायचं असेल तर डॉक्टरांकडूनच, कारण युनिट आणि जेवणाची वेळ दोन्ही बदलू शकतात. साधं इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी टोचायचं असतं.

यात एक चूक जीवावर बेतते. नेहमीच्या १० मिलीच्या कुपीत प्रत्येक मिलीत ४० युनिट, म्हणजे एकूण ४०० युनिट असतात. तिला लाल टोपणाची सिरिंज. पेनच्या काडतुसात प्रत्येक मिलीत १०० युनिट असतात, आणि १०० च्या सिरिंजचं टोपण केशरी असतं. ४० च्या कुपीतून केशरी सिरिंजने "२०" च्या खुणेपर्यंत ओढलंत तर अंगात जातात ८ युनिट, शुगर चढतच राहते. उलटं, पेनमधलं १०० चं इन्सुलिन "वाया जाऊ नये" म्हणून लाल सिरिंजने २० पर्यंत ओढलंत तर जातात ५० युनिट. तेवढ्याने माणूस बेशुद्ध पडतो. कुपीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग, दर खरेदीला दोन्ही बघा. दुकानदाराची घाई असली तरी बघा. माझी असली तरी.

कुपी किती दिवस जाईल? रोज २० युनिट लागत असतील तर ४०० भागिले २०, म्हणजे वीस दिवस. रोज ८ च लागत असतील तर हिशेबाने पन्नास दिवस येतात, पण उघडलेली कुपी महिन्याभरात संपवायची असते, उरलेलं टाकावं लागतं. गढूळ इन्सुलिन हलवून नव्हे, तळहातांत घोळवून एकजीव करायचं.

फ्रिज नसेल तर एका मोठ्या मातीच्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात झाकणाच्या डब्यात कुपी, सावलीत. वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी. फ्रिज असेल तर दारातल्या कप्प्यात, बर्फाच्या खणात कधीच नाही. आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवून विट्यापर्यंत नेऊ नका. तापलेलं इन्सुलिन दिसायला तसंच दिसतं, काम करत नाही.

७. तपासण्या, कमी पैशात पण चुकवायच्या नाहीत

तीन महिन्यांची शुगर: आकडा हलता असेल तर दर तीन महिन्यांनी, स्थिर असेल तर सहा. बहुतेकांना ७ च्या खाली ठेवायला सांगतात, म्हाताऱ्या माणसांना थोडं सैल. अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून हिमोग्लोबिनचा रिपोर्टही शेजारी ठेवा. क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, डोळ्याचा पडदा, पायाची संवेदना वर्षातून एकदा. ही चार कामं एकाच खेपेत मिरजेला किंवा सिव्हिलला उरकता येतात का ते आधी विचारून घ्या. एसटीने जा: बायकांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, ७५ पुढे फुकट. आधार जवळ ठेवा.

ग्लुकोमीटर घेताना मशीनची किंमत विचारू नका, पट्ट्यांची विचारा. मशीन एकदाच, पट्ट्या आयुष्यभर. पट्ट्यांची बाटली उघडली की काही कंपन्यांच्या तीनच महिने चालतात, तेव्हा पन्नासची बाटली स्वस्त पडते म्हणून घेऊन अर्धी फेकू नका. फक्त गोळ्यांवर असाल तर रोज मोजायची सहसा गरज नसते. आठवड्यातून दोनदा, वेळ बदलून मोजलं तरी पुरतं. इन्सुलिनवर असाल तर डॉक्टर सांगतील तितक्यांदा.

टोचण्याआधी हात साबणाने धुवा आणि कोरडे करा. आपल्याकडे याला वेगळं महत्त्व आहे. मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा हाताळून आलेला एक हमाल मीटरवर तीनशेच्या पुढचा आकडा बघून घाबराघुबरा दुकानात आला. हात धुवायला लावून दुसऱ्या बोटातून घेतलं, तर दीडशेच्या आत. बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्यांचंही हेच. (आणि हो, गूळ साखरेपेक्षा बरा, हे शुगरच्या माणसाला लागू नाही. सेंद्रिय असला तरी.)

उपवासाच्या दिवशी ग्लिमेपिराइड घेऊ की नको, हे एकादशीच्या आधी विचारून ठेवा. आणि वारीला जाणार असाल तर अनवाणी नको. रोज रात्री तळवे आरशात बघायचे, मुंग्या येतात म्हणून गरम पाण्यात पाय सोडायचे नाहीत, कारण भाजलेलं कळत नाही.

८. कार्ड कशाचं, ते समजून घ्या

"कार्ड काढलंय, आता गोळ्या फुकट ना?" नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या कार्डावर नेहमीच्या गोळ्या मिळत नाहीत. ते कार्ड ॲडमिट होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी, डायलिसिस, हृदयाची शस्त्रक्रिया अशा मोठ्या कामांसाठी आहे, योजनेतल्या रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. २०२४ पासून फुले योजना केशरी-पिवळ्याबरोबर पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आधारवर आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. कार्ड आजारी पडण्याआधी काढा, रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय का बघा. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत स्पेलिंग दुरुस्त होत नाही.

ॲडमिट होताना पहिल्याच दिवशी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) भेटा, डिस्चार्जच्या दिवशी नको. योजनेत न बसणारं काम असेल आणि रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं असेल, तर तिथल्या समाजसेवकांना गाठा. अशा रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागू शकतो, आणि दाखल्याला दिवस लागतात.

९. दर महिन्याची तारीख

गोळ्या संपायच्या दहा दिवस आधीच्या तारखेला भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करा. त्या दिवशी आशाताईंना किंवा दवाखान्यात विचारायचं: साठा आहे का? नसेल तर जनऔषधीला फोन. तिथेही नसेल तर तुमच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये मूळ नावाची चिठ्ठी दाखवून एका गोळीचा दर विचारायचा आणि नड भागेल एवढंच, चार-आठ दिवसांचं घ्यायचं, कमी मात्रेने पुरवायचं नाही. पैसे अगदीच नसतील तर डॉक्टरांना फोन करून विचारा, यातली कुठली चुकली तर चालणारच नाही. तेवढी आधी घ्या. "शुगर मुळासकट" म्हणून कुणी बिनलेबलची पूड देत असेल तर घेऊ नका. असल्या पुड्यांत ॲलोपॅथीचीच गोळी कुटून घातलेली सापडली आहे, आणि तिची मात्रा कुणालाच माहीत नसते.

उलट्या होतायत, श्वास जोरात चाललाय, माणूस झापडीत आहे आणि शुगर तीनशेच्या वर, असं असेल तर या लेखातलं काहीही करत बसू नका. १०८.

तासगावच्या आजीच्या पिशवीत आता पाच पाकिटं असतात. मागच्या महिन्यात ती आली तेव्हा एका पाकिटाचा रंग पुन्हा बदलला होता. पिशवी उलटी करायच्या आधी तिनेच पाकीट उलटं करून माझ्यापुढे धरलं. "ह्यावर मागं काय लिवलंय ते वाच बघू आधी."